थांब्यावरची झाडं

मी कंडक्टर होतो. नोकरीची पहिली काही वर्षं इकडेतिकडे गेली आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मला जुन्नर–मढ गाडी मिळाली. सकाळी एक फेरी, दुपारी एक फेरी. खिंड ओलांडली की पलीकडे भातखाचरं, डोंगराच्या कुशीतल्या वाड्यावस्त्या आणि थोड्या थोड्या अंतरावर एकेक फाटा. फाटा म्हणजे आतल्या वस्तीची पायवाट डांबरी रस्त्याला मिळते ती जागा. तिथं शेड नाही, पाटी नाही. माणसं उभी दिसली तर तो थांबा, नाहीतर नुसता मुरूम.

गाडीचे ड्रायव्हर जुन्नरचेच. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. सगळा डेपो त्यांना चाचा म्हणायचा, म्हणून मीही. त्यांचे वडील भांड्यांना कल्हई करायचे. चाचा बोलायचे आमच्यासारखंच, फक्त रागावले की हिंदीवर जायचे. आणि ते रागवायचे एकाच गोष्टीवर, वेळेवर. डाव्या मनगटावर चामडी पट्ट्याचं घड्याळ होतं. फाट्यावर एखादी बाई गाठोडं उचलायला जरा रेंगाळली की चाचा स्टेअरिंगवरून मनगट उचलून मला ते घड्याळ आरशातून दाखवायचे. मी घंटीची दोरी ओढायचो.

एका वैशाखात खिंडीच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. उतारावर जॅक धरेना, दगड लावून लावून आम्ही दोघं घामाघूम झालो. टायर बदलून निघालो तेव्हा दीड तास उलटून गेला होता. पलीकडच्या तिसऱ्या फाट्यावर माणसांचा घोळका दिसला, पण हात कुणी केला नाही. सगळे खाली बघत होते.

मी उतरून पाहिलं तर एक तरुण बाई मुरमावर आडवी पडली होती. दुसरी बाई तिच्या तोंडावर पदरानं वारा घालत होती. वर्षभराचं पोर कुणाच्या तरी काखेत रडत होतं. चार मैल चालून ती माहेरी जायला आली होती आणि आमची वाट बघत तासाभराहून जास्त उन्हात उभी राहिली होती.

"पानी पाजलं का?" चाचांनी खिडकीतून विचारलं.

"व्हतं तेवढं पाजलं. ती डोळं उघडंना भाऊ."

तिला मागच्या लांब सीटवर झोपवलं. चाचांनी त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं, हात करून उभ्या असलेल्या माणसांसमोरून गाडी न थांबवता नेली. मढच्या सरकारी दवाखान्याच्या दारात नेऊन उभी केली. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय, सलाईन लावतो. दुपारच्या फेरीला मी पुन्हा डोकावलो तेव्हा ती उठून बसली होती, पोर मांडीवर होतं. मला बघून म्हणाली, "दादा, तितं टेकायला बी काय न्हाई वो."

घरी गेल्यावर जेवताना मी हे बायकोला सांगितलं. माझं गाव जुन्नरपासून सायकलच्या अंतरावर. थोडी जमीन, एक विहीर, दोन म्हशी. मी गाडीवर असायचो म्हणून शेतीचं बरंचसं तीच बघायची. भाकरी थापता थापता तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "तुमची गाडी येळंवर येत न्हाई ती न्हाई. पण मानसाला उभं ऱ्हायला सावली तरी द्या की."

मी हसलो. "सावली काय तिकिटावानी फाडून देता येती व्हय?"

तिनं भाकरी उलटली. ती अशीच आहे. एखादी गोष्ट तिच्या मनात बसली की ती बोलायची थांबते.

पंधरा-वीस दिवसांनी मी ड्यूटीवरून आलो तर अंगणात दोन घमेली पिकलेल्या निंबोळ्या. देवळामागच्या लिंबाखालून तिनं वेचून आणल्या होत्या आणि पाण्यात चोळून त्यांचा गर काढत बसली होती.

"उद्या येताना स्टँडवरच्या हाटेलातनं दुधाच्या रिकाम्या पिशव्या घिऊन या," ती म्हणाली. "टाकूनच देत्यात त्ये."

अशा त्या पिशव्या आमच्या घरात आल्या. स्टँडवरच्या तिन्ही चहावाल्यांनी माझ्यासाठी एकेक खोकं ठेवलं होतं. रोज संध्याकाळी सायकलच्या कॅरिअरला आंबूस वासाचं गाठोडं बांधून मी घरी यायचो. बायको पिशव्या धुवायची, दाभणानं तळाला भोकं पाडायची. नदीकाठची गाळाची माती, शेणखत आणि थोडी वाळू. गोठ्याला लागून पाचटाचं एक छप्पर आम्ही घातलं आणि त्याखाली पिशव्यांच्या रांगा लागल्या. शेजारणी विचारायच्या, "दुधाचा धंदा काढला का वो?"

ती काही शिकलेली नव्हती यातलं. चुकत चुकत शिकली. निंबोळी ताजी असतानाच लावायची, महिनाभर ठेवली की ती उगवत नाही, हे तिला पहिल्याच वर्षी अर्धं घमेलं वाया गेल्यावर कळलं. जांभळाचंही तसंच. चिंचोका रात्रभर भिजवायचा. करंजाच्या शेंगा दगडानं फोडायच्या, पण आतल्या बीला धक्का लागू द्यायचा नाही. वड-पिंपळ तर ती भिंतींच्या फटींतून, विहिरीच्या कठड्यातून उपटून आणायची. ओलं फडकं मुळांना गुंडाळून आणायची, जसं माहेराहून नवं लुगडं आणावं तसं जपून.

पहिल्या वर्षी मी आणि चाचांनी सुट्टीच्या दिवशी त्यांच्या स्कूटरवरून जाऊन नऊ फाट्यांवर नऊ झाडं लावली. चाचा यायला तयार नव्हते. "मैं ड्रायव्हर हूँ, माली नहीं," म्हणाले. पण आले. कुदळ त्यांनीच मारली, कारण माझी कुदळ त्यांना बघवेना. प्रत्येक रोपाभोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण केलं. पाऊस चांगला होता. आम्हाला वाटलं, झालं काम.

दिवाळीपर्यंत कुंपणाच्या काट्या कुणाच्या तरी चुलीत गेल्या आणि झाडं शेळ्यांच्या पोटात. नऊतलं एक राहिलं, तेही एका दगडाच्या आडोशाला होतं म्हणून. येताजाता मी ते बोडके खड्डे बघायचो आणि मला त्या लोकांचा राग यायचा. तुमच्यासाठीच लावलं ना, मग एवढंही कळू नये? चाचा आरशातून माझं तोंड बघायचे आणि मिशीत हसायचे.

एक दिवस बायको म्हणाली, मी येते गाडीत. सकाळच्या फेरीला ती खिडकीशी बसली आणि मढपर्यंत आली. जाताना तिनं नुसतं पाहिलं. येताना मात्र प्रत्येक फाट्यावर गाडी थांबली की ती दारात यायची आणि चढणाऱ्या बायकांशी बोलायची. कुठल्या वस्तीच्या, किती चालून येता, पाणी कुठून आणता. परतल्यावर मला म्हणाली, "त्यांच्यावर कशाला चिडता? तुमी खाकी कपड्यातली मानसं. तुमी लावलं म्हंजी त्यांच्या लेखी त्ये सरकारचं झाड. सरकारच्या झाडाला कोन पानी घालतंय? त्यांच्या हातात द्या. ज्यानं लावलं त्याचं ऱ्हाईल."

म्हणून दुसऱ्या वर्षी आषाढात मी गाडीत रोपं वाटायला लागलो. मागच्या सीटखाली वीस-पंचवीस पिशव्या असायच्या. माणूस उतरायला दाराशी आला की तिकीट बघायचं आणि हातात रोप द्यायचं. सांगायचं, "फाट्यावर लावा, रस्त्याच्या कडंला. तुमचं तुमीच सांभाळा."

फुकट वस्तूला माणसं किती घाबरतात ते मला तेव्हा कळलं.

"इलेक्शन आलंय का काय?" एकानं विचारलं.

दुसरा म्हणाला, "सही कुटं करायची, भाऊ?"

"सही नको."

"मंग आंगठा?"

"काहीच नको. झाड न्या."

तो रोप घेऊन उतरला, पण गाडी निघेपर्यंत माझ्याकडं बघत राहिला. मी आता हाक मारून काहीतरी मागेन असं त्याला वाटत होतं.

एका म्हातारीनं पिशवी वरखाली करून पाहिली. "याला आंबं कवा येत्याल?"

"आजी, करंज हाय तो."

"खायला काय येतंय त्याला?"

"खायला काय न्हाई."

"मंग काय उपेग?"

"खाली बसायला."

तिनं क्षणभर विचार केला. "बसायला? मंग दे. उभं ऱ्हाऊन ऱ्हाऊन माज्या गुडघ्याचं पार वाटोळं झालंय."

काही लोकांनी माझं ऐकलं नाही. रस्त्याच्या कडेला लावण्याऐवजी ते चार-पाच पावलं आत, स्वतःच्या शेताच्या बांधावर लावून मोकळे झाले. मी गाडीतून बघायचो आणि पुढच्या फेरीला त्यांना बोलायचो. "फाट्यासाठी दिलं व्हतं राव. तुमच्या बांधासाठी न्हाई." ते हसायचे. एक जण म्हणाला, "बांधावर हाय तर माजी नजर ऱ्हाती. सावली काय, सरकून येईल की रस्त्यावर." मला ते लबाडीचं वाटलं होतं.

उन्हाळ्यात पाण्याचा प्रश्न आला. इंजिनाच्या बाजूला आमचा पाण्याचा एक डबा असायचा, रेडिएटरसाठी. मी आणखी दोन डबे भरून ठेवायला लागलो. गाडी थांबली, माणसं चढत-उतरत असली की तेवढ्यात उडी मारून झाडाला तांब्याभर पाणी.

"ये गाडी है या टँकर?" चाचा आतून ओरडायचे. मनगट वर यायचं.

पण थोड्या दिवसांनी मला जाणवलं की गाडीचं मागचं दार आता बरोबर झाडासमोर येऊन थांबतंय. एक पाऊल पुढं नाही, मागं नाही. मी चाचांना तसं म्हणालो तर त्यांनी कानावर हात ठेवले. "ब्रेक तसा लागतोय."

मग प्रवासीही लागले. शाळेच्या मुली संध्याकाळी उतरताना बाटलीतलं उरलेलं पाणी ओतायच्या. बाजारातून येणाऱ्या बायका फडकी झटकून, हातपाय धुऊन ते पाणी झाडाशी सोडायच्या. फाट्याफाट्यांत ईर्षा सुरू झाली. "आमचा पिंपळ कमरंला आला, त्यांचा आजून गुडघ्याला," अशा गप्पा मी तिकिटं फाडताना ऐकायचो. एका फाट्यावरच्या लोकांनी दुसऱ्या फाट्यावरच्यांवर आळ घेतला, की त्यांनी मुद्दाम आपल्या झाडाजवळ शेळ्या हाकल्या. चाचांना मध्ये पडावं लागलं. ते एवढंच म्हणाले, "भांडण मिटलं नाही तर दोन्हीकडं गाडी थांबनार न्हाई." मिटलं.

ही दोन-तीन वर्षं माझ्या नोकरीतली सगळ्यांत आनंदाची. सकाळी दहिवरात भिजलेली रोपं बायको गोणपाटावर मांडून ठेवायची, मी ती सायकलवरून स्टँडवर न्यायचो, आणि चाचा इंजिन गरम करता करता विचारायचे, "आज किती सवारी?" रोपांना ते सवारीच म्हणायचे.

मग तो तपासणीचा दिवस आला.

आषाढच होता. बायकोनं त्या दिवशी जरा जास्तच रोपं दिली होती, साठेक असतील. मागची सीट भरली, सीटखाली भरली, मधल्या वाटेतही पिशव्या उभ्या होत्या. खिंडीच्या पायथ्याशी तपासणीची जीप आडवी उभी. एक तरुण साहेब चढले. बाहेरगावचे, नवीन, बोलणं अगदी नेमकं. तिकिटं तपासत मागं आले आणि रोपांशी थांबले.

"हे सामान कोणाचं?"

सामानाचं तिकीट नव्हतं. ते फाडायला हवं हे मला माहीत होतं. रोज दहा-वीस पिशव्यांचं कोण विचारतंय, असं म्हणून मी ते टाळत आलो होतो. मी तोंड उघडणार तोच तिसऱ्या सीटवरची एक बाई उठली. तिनं एक पिशवी उचलली आणि मांडीवर ठेवून बसली.

"ह्ये माजं."

तिच्या मागच्या माणसानं दोन उचलली. "ही माजी." मग एकेक करून सगळी गाडी उठली. पिशव्या हातोहात पुढं गेल्या. मिनिटभरात मधली वाट मोकळी झाली आणि प्रत्येकाच्या मांडीवर एकदोन रोपं. ड्रायव्हरच्या सीटशेजारीही कुणीतरी एक ठेवलं. चाचा समोर काचेतून डोंगराकडं बघत होते.

साहेबांनी एका म्हाताऱ्याला विचारलं, "तुमचं रोप कसलं आहे, बाबा?"

म्हाताऱ्यानं मांडीवर पाहिलं. "झाडाचं."

सगळे हसले. साहेबही हसता हसता राहिले. मग त्यांनी माझ्याकडं वळून शांतपणे विचारलं, "कंडक्टर, तुम्ही सांगा."

माझे कान तापले. पन्नास माणसं माझ्यासाठी खोटं बोलली होती. मी गप्प राहिलो असतो तर ते खरं झालं असतं. पण ते साहेब माझ्याकडं चिडून बघत नव्हते, नुसतं विचारत होते, आणि मला खोटं बोलवेना.

"साहेब, ही सगळी माझ्या घरची. मीच आणलीत. मी फुकट वाटतो."

साहेबांनी कागद काढला, लिहिलं, माझी सही घेतली. उतरताना एवढंच म्हणाले, "काम चांगलं आहे. पण नियमात करा." जीप बाजूला झाली. तिसऱ्या सीटवरची बाई माझ्यावर तापली. "आमी सांभाळलं आसतं की वो! गप बसायला काय झालं व्हतं तुमाला?"

त्या दिवशी सगळ्यांनी आपापली रोपं नेली. एक पिशवी गाडीत उरली नाही.

डेपोत मला समज मिळाली आणि माझी ड्यूटी बदलली. चूक माझी होती, त्याबद्दल मी कधी कुणाला दोष दिला नाही. पण चाचा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी स्टँडवर चहाचा कप माझ्यापुढं सरकवून म्हणाले, "हरिश्चंद्र." बस, एवढंच. ते माझ्यावर रागावले होते, की आमची जोडी तुटली म्हणून दुखावले होते, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मला आंबेगावच्या बाजूची, घोडेगाव–भीमाशंकर गाडी मिळाली. वेगळाच मुलूख. घाट, धुकं, श्रावणात यात्रेकरूंची गर्दी. घरी यायला उशीर व्हायचा. छपराखाली रोपं वाढत राहिली आणि न्यायला कुणी नाही. पिशव्या फोडून मुळं जमिनीत शिरायला लागली. बायको रोज पाणी घालत होती. मी मात्र त्या छपराकडं जायचं टाळायचो. आपण बरं नोकरी करत होतो, हे कुठं मागं लावून घेतलं, असंही एकदा मनात आलं. ते मी तिला सांगितलं नाही.

एका रविवारी दारात स्कूटर वाजली. चाचा. सोबत दोन रिकामी पोती.

"वहिनी, सवारी द्या," ते म्हणाले. "नवीन कंडक्टर आलाय, भला मानूस हाय. सामानाचं तिकीट मी फाडून घेनार. आता कुनाच्या बापाची भीती न्हाई."

बायकोनं पोती भरून दिली. चहा झाला. चाचा जायला उठले, पुन्हा बसले.

"अजून एक काम व्हतं. लिंब पायजेत, आठ-दहा. कबरस्तानात लावायचीत. तिथं पन लोक उन्हात उभे ऱ्हातात, मिट्टी द्यायला आलेले."

"पानी कोन घालनार?" बायकोचा ठरलेला प्रश्न.

"मी घालनार. दोन वर्षांनी रिटायर हाय. मंग मला काय काम?"

तिनं स्वतः निवडून दिली. सरळ खोडाची, हातभर वाढलेली. एकेका पिशवीचा तळ दाबून माती घट्ट आहे का ते बघत होती. दोन वर्षांनी चाचा खरंच निवृत्त झाले आणि तिथं पाणी घालायला लागले. सकाळी ठरलेल्या वेळी जायचे. घड्याळ हातावर होतंच.

भीमाशंकरच्या गाडीत मी रोप पुढं केलं की माणसं हसायची. "आमच्याकडं झाडं न्हाईत व्हय? उलट तुमीच न्या की आमची." आणि खरंच, एका म्हाताऱ्या बाईनं गोणीतून मूठभर वाळलेले हिरडे काढून माझ्या खिशात घातले. "बायकोला सांग, यवडं उगवून दाव." बायकोला आव्हान दिलेलं चालत नाही. तिनं हिरडे भिजवले, फोडले, शेणात ठेवले, राखेत ठेवले. काही होईना. शेवटी वैतागून पिशव्यांतली माती उकिरड्याच्या कडेला रिती केली. वर्ष उलटून गेल्यावर तिथं दोन कोंब आले. तिनं मला हात धरून दाखवायला नेलं. एक आम्ही परत त्या म्हातारीला दिला. तिनं तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "लई दमवलं का रं तिला?"

घाटाखालच्या फाट्यांवर मात्र सावलीची गरज होती आणि हळूहळू तिथंही रोपं जायला लागली. आता मी रीतसर सामानाचं तिकीट फाडत होतो. शाळा मागायच्या, देवळं मागायची. ओझरला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका वस्तीनं चिंचेची रोपं नेली. घरातलं छप्पर दोनदा वाढवलं. दुष्काळी वर्षात विहीर तळाला गेली तेव्हा बायकोनं कांदा लावला नाही, भांडी घासलेलं, धुण्याचं सगळं पाणी रोपांना. मी म्हणालो, एक वर्ष बंद ठेवू. तिनं ऐकून घेतलं आणि बादली उचलली.

अशी दहा-पंधरा वर्षं गेली. मढकडच्या फाट्यांवरची झाडं डोक्याच्या वर गेली, त्यांच्या बुंध्यांभोवती लोकांनी दगड रचले, पारासारखे. मी त्या बाजूला पाहुणा म्हणून जायचो तेव्हा खिडकीतून मोजायचो नाही, नुसतं बघायचो.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. झाडांच्या बुंध्यांवर पांढऱ्या रंगात आकडे पडले. गावोगावच्या लोकांना रस्ता हवा होता, मलाही हवा होता. आमची गाडी त्या खड्ड्यांतून किती आदळायची ते मला ठाऊक होतं. तरीही तोडणी झाल्याचं कळलं तेव्हा मला जेवण गेलं नाही. बायको ताट तसंच झाकून ठेवून म्हणाली, "चाचाला घिऊन जा. बगून या. न बगता मनात जास्त वंगाळ दिसतंय."

आम्ही दोघं म्हातारे एका सकाळी गाडीत बसलो, प्रवासी म्हणून, तिकीट काढून. खिंडीपलीकडं पहिला फाटा आला. करंज नव्हता. दुसऱ्या फाट्यावर पिंपळाचा बुंधा होता, ताजा, पांढरा. आम्ही उतरलो. चाचांनी त्यावर हात फिरवला, बराच वेळ. मग सवयीनं मनगटाकडं पाहिलं आणि म्हणाले, "चल. पुढची बघू."

आणि पुढं झाडं होती. एक, मग दोन फाटे सोडून आणखी एक. सगळी रस्त्यापासून चार-पाच पावलं आत. मला उमगायला वेळ लागला. ज्यांना मी गाडीतून बोललो होतो, फाट्यासाठी दिलेलं बांधावर लावलं म्हणून ज्यांना लबाड समजलो होतो, त्यांची होती ती. रस्त्याची हद्द त्यांच्या बांधापर्यंत येऊन थांबली होती. सावली खरंच सरकून रस्त्यावर येत होती आणि त्या सावलीत माणसं गाडीची वाट बघत बसली होती.

"तू शहाना, की त्ये?" चाचांनी विचारलं. मी म्हणालो, "त्ये." चाचा इतके हसले की त्यांना खोकला लागला.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. पिशव्या धुता धुता म्हणाली, "मंग औंदा समद्यांना बांधावरच लावायला सांगा."

पुढं निवृत्त झाल्यावर मी एकदा कामानं मढला गेलो होतो. परतीची गाडी चुकली, पुढची यायला अवकाश होता. फाट्यावरच्या एका लिंबाखाली दगडावर बसलो. शेजारी कॉलेजात जाणारा एक पोरगा मोबाईल बघत बसला होता. वर पाहिलं तर लिंब मोहरला होता, बारीक पांढरी फुलं आमच्या खांद्यांवर पडत होती.

"कुनी लावलाय रं हा लिंब?" मी विचारलं. का विचारलं ते सांगता येणार नाही. ऐकायचं होतं काहीतरी.

पोरानं वर बघितलं, जणू पहिल्यांदाच. "ह्यो? ह्यो पयल्यापासनंच हाय की, बाबा. आमच्या आधीपासनं."

"आसं व्हय."

"व्हय. जुना हाय लई."

गाडी आली. पोरगा माझी पिशवी घेऊन चढला, मला हात दिला. खिडकीशी बसून मी घरी पोचेपर्यंत ते वाक्य घोळवत होतो. आत कुठंतरी टोचलं, हे खरं आहे. कुणाला तरी माहीत असावं असं वाटतंच.

बायको अंगणात करंजाच्या शेंगा फोडत बसली होती. मी तिला पोराचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तिनं दगड खाली ठेवला आणि हसली. मी तिला इतकं मनापासून हसताना फार थोड्या वेळा पाहिलंय. पदरानं डोळे पुसले.

"पयल्यापासनं हाय म्हनला?"

"हां."

"लई झ्याक झालं," ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.